ले मिझराब्लचं कास्ट रेकॉर्डिंग ऐकायचंय: आधी कादंबरी वाचू की थेट गाणी लावू?

तिन्हीसांज
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढतेय. व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' माझ्याकडे आहे, पाचही भाग एकाच जाडजूड पुस्तकात, आणि मी सुरुवातीच्या बिशपच्या प्रकरणांपलीकडे गेलेले नाही. त्यावरचं म्युझिकल स्टेजवर बघितलेलं नाही आणि इतक्यात बघायला मिळेल असंही दिसत नाही. पण 'आय ड्रीम्ड अ ड्रीम' कानावर पडलं आणि तेव्हापासून अख्खं संगीत ऐकायची ओढ लागलीय. तर प्रश्न असा की पुस्तक न वाचता, नाटक न बघता नुसतं कास्ट रेकॉर्डिंग, म्हणजे नाटकातल्या गायक-नटांच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण, ऐकून गोष्ट कळते का? का नुसती छान छान गाणी ऐकल्यासारखं होतं? आणि दुसरं म्हणजे लंडनचं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेचं, कॉन्सर्टचं, सिनेमाचं अशी इतकी रेकॉर्डिंग्ज दिसतायत की सुरुवात कुठून करू तेच कळेना. गोष्ट गाण्यांतून पहिल्यांदा भेटली तर ती जास्त आत जाते असं माझं आपलं मत आहे, पण पुस्तकवाले मित्र म्हणतात की हा ह्यूगोवर अन्याय आहे. बोला.

चतकोर
मी पयला! वाचतोय.

नाटक्या
थेट ऐका, बिनधास्त. आणि सुरुवात मूळ लंडन संचापासून करा, १९८५ चं. ८ ऑक्टोबर १९८५ ला लंडनच्या बार्बिकन थिएटरला हे उघडलं, समीक्षकांनी बऱ्यापैकी झोडपलं आणि तरी तिकीट खिडकीवर लोक तुटून पडले. कोल्म विल्किन्सनचा वालजाँ (कैदेतून सुटलेला नायक), रॉजर ॲलमचा जावेर (त्याच्या मागावरचा पोलीस), पॅटी लूपोनची फाँतीन (कारखान्यातली गरीब आई), मायकेल बॉलचा मारियुस (उठावात उतरलेला विद्यार्थी). नंतर कितीतरी जणांनी ह्या भूमिका केल्या, पण 'ब्रिंग हिम होम' विल्किन्सनच्याच आवाजात पहिल्यांदा ऐकावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते गाणंच त्याच्या आवाजावर बेतलेलं आहे. तालमी चालू असताना उशिरा आलं ते. वरच्या पट्टीत जवळजवळ कुजबुजीत गायचं, एवढा दणकट माणूस आणि आवाज असा पातळ, धरून ठेवलेला. अंगावर काटा येतो.

पानवेल
असहमत. आधी पुस्तक. निदान अर्धं तरी. ह्यूगोने १८६२ ला हे प्रसिद्ध केलं तेव्हा तो ग्वेर्नसी बेटावर हद्दपारीत होता आणि कित्येक वर्षं ह्या पुस्तकाशी झगडत होता, त्याचा राग आणि त्याची करुणा दोन्ही पानापानावर आहेत. नाटकात गोष्ट आहे, पण ह्यूगो कुठाय?

एकच उदाहरण देते. वॉटर्लूच्या लढाईवर पुस्तकात भलामोठा भाग आहे, लोक तो वगळून पुढे जातात. त्याच्या शेवटी तेनार्दिए, गोष्टीतला बदमाश, रात्री रणांगणावर प्रेतांच्या वस्तू चोरत फिरतोय आणि मारियुसचे वडील जिवंत सापडतात, त्यांना वाटतं ह्या माणसाने आपला जीव वाचवला. मरताना ते मुलाला बजावून ठेवतात की तेनार्दिए भेटला तर त्याचं भलं कर. आता हा मारियुस पुढे बघतो की तेनार्दिए वालजाँच्या जिवावर उठलाय. काय करेल तो? वडिलांचा शब्द पाळेल का एका निरपराध माणसाला वाचवेल? इतका मोठा पेच, आणि नाटकात त्यातलं काहीच नाही. नाटकातला मारियुस प्रेमात पडतो आणि गातो.

चतकोर
मारियुसची बाजू घेणारं कोणी आहे का इथे 😀

षड्जपंचम
पानवेल, मुद्दा मान्य, पण नाटकाने जे काढलं त्याच्या बदल्यात काय घातलं तेही बघायला हवं, आणि ते रेकॉर्डिंगमध्येच सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिन्हीसांज, ह्यात गोष्टीतल्या घटना येणार आहेत, रहस्य जपायचं असेल तर हा प्रतिसाद सोडून पुढे जा.

संगीतकार क्लोद-मिशेल शोनबर्गने ह्यात मोजक्या चाली घेतल्यात आणि त्या वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी फिरवल्यात. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की हे आधी ऐकलंय, कुठे ते आठवत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना उलगडतं. बिशप चोरी माफ करून चांदीचे शमादान वालजाँच्या हाती देताना जी छोटीशी चाल गातो, तीच चाल शेवटाकडे मारियुस गातो, सगळे मित्र उठावात बॅरिकेडवर, रस्त्यात उभारलेल्या अडथळ्यावर, मेलेत, तो एकटा वाचलाय आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघतोय. एकाला दयेने नवं आयुष्य मिळालं, दुसऱ्याला आपण का वाचलो हेच कळत नाहीये, आणि संगीत दोघांना एकाच धाग्यात ओवतं. शब्दात कुणी काही बोलत नाही.

तसंच फाँतीन मरताना मुलीला हाका मारत जे गाते त्याच सुरावर पुढे एपोनीनचं, म्हणजे तेनार्दिएच्या मुलीचं, 'ऑन माय ओन' आहे. नाटकात दोघींची कधी गाठसुद्धा पडत नाही. आणि शेवटी वालजाँला न्यायला ह्या दोघी मिळून येतात तेव्हा परत तीच चाल.

पण सगळ्यात जबरदस्त जोडी म्हणजे वालजाँ आणि जावेर. बिशपने माफ केल्यावर वालजाँ स्वतःशी भांडत जे गातो, नेमक्या त्याच संगीतावर शेवटी जावेर सेन नदीच्या काठी गातो. दोघांनाही कुणीतरी सोडून दिलंय, दोघांनाही ते सहन होत नाहीये. एक त्यातून माणूस म्हणून उभा राहतो आणि दुसरा नदीत उडी मारतो. स्टेजवर हे बघताना डोळे पुलाकडे, दिव्यांकडे असतात. नुसतं ऐकताना मात्र लख्ख कळतं की ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. म्हणून माझं मत असं की हे नाटक बघायच्या आधी ऐकणं हा तोटा नाहीच.

स्वरवेडी
षड्जपंचम, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

पानवेल
सुरेख लिहिलंय षड्जपंचम, बिशप आणि मारियुसच्या चालीचं कधी लक्षातच आलं नव्हतं, आज परत ऐकते. पण जावेरवर आलात तर पुस्तकातला जावेर सांगूनच टाकते. उडी मारायच्या आधी तो काय करतो माहितीये? नदीच्या कठड्याशी बराच वेळ विचार करत उभा राहतो, मग तिथून उठून जवळच्या पोलीस चौकीत जातो, कागद मागतो आणि कारभार कसा सुधारावा ह्याच्या सूचना लिहितो, कैद्यांना कसं वागवलं जातं वगैरे, अगदी क्रमांक घालून. सही करतो, तारीख घालतो, कागद टेबलावर ठेवतो आणि मग परत नदीकडे. आयुष्यभराची शिस्त मोडून पडलीय, आणि तरी शेवटची कृती सरकारी टिपणाची! आणि त्या टिपणात पहिल्यांदाच कैद्यांबद्दल कणव डोकावते. हे गाण्यात कसं येणार?

षड्जपंचम
नाही येणार. हे गद्याचंच काम आहे, मान्य. पण म्हणून ऐकणाऱ्याने थांबून राहावं असं नाही ना, ऐकून झाल्यावर हे प्रकरण वाचलं तर ते वाचताना मागे ती चाल वाजत राहील.

उन्हाची तिरीप
रेकॉर्डिंगच्या प्रश्नावर अजून एक भर. ह्या नाटकाचं रेकॉर्डिंग नाटकाच्या आधीचं आहे! म्हणजे १९८० ला फ्रेंचमध्ये आधी अल्बम निघाला, आलाँ बुब्लिल आणि ज्याँ-मार्क नातेल ह्यांचे शब्द, आणि मग त्याच वर्षी पॅरिसच्या पाले दे स्पोर्टमध्ये प्रयोग झाले. बुब्लिलला ही कल्पना लंडनमध्ये डिकन्सच्या ऑलिव्हर ट्विस्टवरचं म्युझिकल बघताना सुचली, त्यातल्या खिसेकापू पोराला बघून त्याला ह्यूगोचा गाव्रोश, पॅरिसच्या रस्त्यावरचा पोरगा, आठवला. साहित्यावरच्या एका म्युझिकलमधून दुसरं जन्मलं, मला हे फार आवडतं.

तो फ्रेंच अल्बम मिळाला तर नक्की ऐका पण आधी नको. कारण त्यात बिशपच नाही! शमादान नाही, एकोणीस वर्षांची कैद नाही, थेट फाँतीनच्या कारखान्यापासून सुरू. फ्रेंच लोकांना गोष्ट पाठच असते, त्यांना सांगायची गरज काय. इंग्रजीत आणताना जेम्स फेंटन आणि मग हर्बर्ट क्रेट्झमर ह्यांनी शब्द केले आणि ट्रेव्हर नन आणि जॉन केअर्ड ह्यांनी दिग्दर्शन केलं, तेव्हा हा सुरुवातीचा भाग घातला गेला. म्हणजे तिन्हीसांज, तुमचा प्रश्न त्या लोकांनाही पडलेला होता, ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्याला गोष्ट कशी कळणार? त्यांनी त्याची सोय करून ठेवलीय.

आणि 'ऑन माय ओन'ची चाल त्या फ्रेंच अल्बमात फाँतीनच्याच तोंडी होती. एपोनीनकडे नंतर गेली. त्यामुळे षड्जपंचम म्हणतात ती दोघींची जोडी अजूनच खरी ठरते.

चतकोर
एक शंका, ही फ्रेंच राज्यक्रांतीची गोष्ट आहे ना? १७८९ ची?

नाटक्या
नाही रे बाबा. हा गैरसमज खूप आहे. ती १७८९ ची नव्हे. बॅरिकेडचा प्रसंग ५ आणि ६ जून १८३२ चा, जनरल लामार्कच्या अंत्ययात्रेतून पॅरिसमध्ये उठाव झाला आणि तो दोन दिवसांत चिरडला गेला. हे माहीत असलं की गाणी वेगळी ऐकू येतात. 'डू यू हिअर द पीपल सिंग' विजयगीत वाटतं ना? लोक मोर्च्यात गातात ते. पण नाटकात ती पोरं हरणार आहेत, शहर त्यांच्या मदतीला येत नाही. ह्या एका माहितीने माझं अख्खं ऐकणं बदललं.

कुणीएक
इथे सगळे जुन्या रेकॉर्डिंगचे भक्त दिसतायत. सिनेमाचं का नाही सुचवलं कोणी? २०१२ च्या सिनेमात गाणी सेटवर कॅमेऱ्यासमोर लाइव्ह गायलीत, कानात फक्त पियानो, ऑर्केस्ट्रा नंतर चढवला. अ‍ॅन हॅथवेचं 'आय ड्रीम्ड अ ड्रीम' ऐकून मी गाडी बाजूला घेतली होती. रडणं, श्वास, तुटलेला आवाज, सगळं आहे त्यात. स्टेजवरचे आवाज त्यापुढे फार घोटून तयार केलेले वाटतात.

स्वरवेडी
कुणीएक, तो चेहरा समोर असतो म्हणून चालतं ते. डोळे मिटून ऐकलं तर मला तरी त्यातल्या बऱ्याच जागी सूर शोधावा लागतो. जावेरच्या 'स्टार्स'ला तर आवाजात पोलाद हवं, त्या माणसाची श्रद्धा त्या लांब सुरांत आहे, सिनेमात ती पोचत नाही. लूपोनचं ऐकून बघा, ती रडत नाही, चिडते. फाँतीनला फसवलंय हो लोकांनी, तिला राग यायलाच हवा. तो राग शेवटच्या ओळीपर्यंत ताणत नेलाय.

सिनेमातली एक गोष्ट मात्र मलाही भिडली, त्यात बिशप झालाय कोल्म विल्किन्सन. लंडनचा पहिला वालजाँच नव्या वालजाँला शमादान देतोय. ज्यांनी जुनं रेकॉर्डिंग ऐकलंय त्यांनाच हे कळणार.

कुणीएक
हे माहीत नव्हतं. आता तो प्रसंग परत बघणार. पण हॅथवेबद्दल माझं मत तेच.

जुनी तबकडी
कास्ट रेकॉर्डिंग ऐकून गोष्ट कळते का, ह्याचं उत्तर नाटकागणिक वेगळं आहे. माय फेअर लेडी घ्या, शॉच्या 'पिग्मॅलियन'वरचं, १९५६ ला ब्रॉडवेवर आलं. कोलंबियाने रेकॉर्ड काढली आणि ती इतकी खपली की कित्येकांनी नाटक आयुष्यात बघितलं नाही पण रेकॉर्ड पाठ. पण त्यात सगळी गाणी असूनही गोष्ट अर्धीच कळते, कारण शॉची खरी मजा संवादात आहे आणि संवाद बहुतेक रेकॉर्डबाहेर. एलायझा आणि प्राध्यापकाची शेवटची वादावादी त्यात कुठे मिळणार? शिवाय एलपीवर मावेल तेवढंच घ्यायचं. आपल्याकडे नाट्यपदांच्या तबकड्यांचं तेच, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, प्रयोगात रंगलेलं पद तेवढ्यात आटपायचं.

ले मिझराब्ल मात्र जवळजवळ पूर्ण गायलेलं आहे. भांडणं, पत्रं, अटक, सौदे, सगळं गाण्यात. त्यामुळे रेकॉर्डिंग पूर्ण असेल तर गोष्ट पूर्ण. फक्त 'हायलाइट्स' नावाच्या तुकड्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यात एका रडण्यावरून थेट दुसऱ्या रडण्यावर उडी असते.

निळाई
अवांतर होईल पण साहित्यावरचं आणि पूर्ण गायलेलं असं विचाराल तर टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'वरचं 'ग्रेट कॉमेट' ऐकाच ऐका! डेव्ह मॅलॉय नावाच्या माणसाने अख्ख्या कादंबरीतली सत्तरेक पानं उचलली, तरुण नताशा छबेल्या अनातोलच्या नादी लागते तेवढाच तुकडा. २०१२ ला न्यूयॉर्कमध्ये छोट्या जागेत सुरू झालं, २०१६ ला ब्रॉडवेवर गेलं. पहिल्या संचाचं रेकॉर्डिंग पूर्ण आहे, त्यात मॅलॉय स्वतःच पिएर ह्या मुख्य पात्राच्या भूमिकेत. पात्रं स्वतःबद्दल तृतीय पुरुषी बोलतात, म्हणजे एखादी बाई गातागाता 'ती खोलीत आली' असं सांगते, कादंबरीचं निवेदनच गायलंय. पहिल्याच गाण्यात एकेक पात्राची ओळख करून देतात, प्रत्येक कडव्यात नवं नाव आणि मागची सगळी परत. रशियन नावांना घाबरणाऱ्यांची पण सोय झाली.

आणि त्यात एकच वाक्य बोललेलं आहे, बाकी सगळं गायलेलं. शेवटाकडे पिएर नताशाशी बोलतो ते. दोन तास कानावर सूर पडलेत आणि अचानक संगीत थांबून माणूस साधं बोलतो. नुसतं ऐकताना त्याचा जो परिणाम होतो ना! टॉलस्टॉयचं तेच वाक्य मी पुस्तकात वाचलं होतं आणि पुढे गेले होते.

पानवेल
निळाई, हे आवडलं. सत्तर पानं घेऊन ती नीट करणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. ले मिझराब्लमध्ये सगळंच घ्यायच्या नादात गाव्रोश तेनार्दिएचा मुलगा आहे हेसुद्धा कुठे सांगत नाहीत. म्हणजे तो एपोनीनचा भाऊ. बहीण-भाऊ एकाच बॅरिकेडवर मरतात, आणि नाटक बघणाऱ्याला पत्ताच नाही.

नाटक्या
हे मात्र खरंच चुकलंय नाटकाचं. बाय द वे गाव्रोशचं 'लिटल पीपल' लंडनच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये मोठं आहे, नंतर कात्री लागली. 'स्टार्स' पण त्यात आधी येतं, पॅरिसचे भिकारी यायच्या आधी, पुढे जागा बदलली. त्यामुळे दोन रेकॉर्डिंग्ज शेजारी ठेवून ऐकताना गोंधळू नका.

षड्जपंचम
म्हणूनच पहिल्यांदा ऐकणाऱ्याला माझी शिफारस लंडनची नाही तर १९८८ च्या कम्प्लीट सिम्फॉनिकची. तीन सीडी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत अख्खं नाटक, मोठा ऑर्केस्ट्रा. गायक वेगवेगळ्या देशांतले, वालजाँ गॅरी मॉरिस अमेरिकेचा, जावेर फिलिप क्वास्ट आणि बंडखोर पोरांचा म्होरक्या आँजोलरा अँथनी वॉरलो ऑस्ट्रेलियाचे, एपोनीन काहो शिमादा जपानची. क्वास्टच्या 'स्टार्स'नंतर मला दुसरा जावेर चालत नाही, तो खलनायक वाटतच नाही, देवावर गाढ विश्वास असलेला माणूस वाटतो आणि म्हणून जास्त भीती वाटते.

१९९५ ची रॉयल अल्बर्ट हॉलची दशकपूर्ती कॉन्सर्ट तिसऱ्या नंबरवर ठेवा, त्यात काही भाग वगळलाय. पण शेवटी वेगवेगळ्या देशांतले सतरा वालजाँ आपापल्या भाषेत गातात, त्यासाठी तरी ऐकाच.

स्वरवेडी
+१ क्वास्टसाठी. सिम्फॉनिक थोडं थंड आहे पण, स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी केल्यासारखं. लंडनमध्ये घाम आहे.

तिन्हीसांज
धाग्यावर यायला उशीर झाला, सगळे प्रतिसाद वाचले, खूप खूप आभार. सिम्फॉनिक ऐकून झालं. दिवे बंद करून, शब्द समोर न ठेवता, एका बैठकीत. आणि मग दुसऱ्या दिवशी शब्द घेऊन.

गोष्ट कळली. सगळी नाही, पॅरिसला पोचल्यावर कोण कोणावर लपून नजर ठेवून आहे त्यात गोंधळ झाला, आणि मधे वर्षं उलटली की पटकन लक्षात येत नाही. पण पहिल्या अंकाच्या शेवटचं 'वन डे मोअर' आलं आणि त्यात सगळे एकदम आपापलं गायला लागले, वालजाँ पळायच्या तयारीत, प्रेमी वेगळे होतायत, पोरं लढायला निघालीत, तेनार्दिए लुटायला टपलेत, तेव्हा मला चेहरे माहीत नसताना प्रत्येक माणूस त्याच्या चालीवरून ओळखता आला. हे वाचताना कधी होत नाही, पुस्तकात एकावेळी एकच जण बोलू शकतो. षड्जपंचम, तुमचा तो प्रतिसाद मी मुद्दाम ऐकून झाल्यावर वाचला आणि मग जावेरचं गाणं परत लावलं.

पानवेल, तुमच्यासाठी खास: पुस्तक परत काढलंय. बिशपच्या त्या प्रकरणांत मी आधी अडकले होते ना, आता ती वाचताना कळतंय की ह्यूगो एवढा वेळ का घेतोय. नाटकात बिशप दोनचार मिनिटांत येऊन जातो, पण पुढे त्याची चाल तासभर पाठ सोडत नाही. ह्यूगोने तेच पानं खर्चून केलंय. आता वॉटर्लूपर्यंत पोचतेय.

पानवेल
वॉटर्लू वगळलं तर बघा 😀 आणि पुढे पॅरिसच्या गटारांच्या इतिहासाची प्रकरणं येतील, तीही वगळायची नाहीत. वालजाँ बेशुद्ध मारियुसला खांद्यावर घेऊन त्याच गटारातून जातो, आधी त्या गटाराचा सगळा पसारा वाचलेला असेल तर त्या एकेका पावलाचा भार जाणवतो.

कुणीएक
तिन्हीसांज, आता सिनेमाचं पण ऐका आणि मग सांगा.

तिन्हीसांज
ऐकणार, आणि लूपोनच्या शेजारी ठेवून ऐकणार. पण एक विचारते. मित्र मेल्यावर मारियुस जे गातो ते ऐकून मला त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटलं, आणि पुढच्याच गाण्यांत तो लग्नाला उभा! संगीताने जो माणूस एवढा मोडलेला दाखवला तो इतक्यात सावरतो कसा? पुस्तकात तरी ह्याला वेळ दिलाय का?

पानवेल
दिलाय की. कित्येक महिने तो अंथरुणाला खिळून असतो, त्याच्या आजोबांच्या घरी. हे आजोबा तर नाटकात नाहीतच, कट्टर राजेशाहीवाले, नातवाशी भांडण झालेलं, आणि आता त्याच्या उशाशी बसून आहेत. मारियुसची चीड येणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

चतकोर
आता आजोबांवर पण कुणीतरी लिहा. मी बसलोय वाचायला.